जखमी वन्यजीव आणि कुशल हातांचे दान

ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडले, विहिरीत पडलेल्या बिबट्याला वन कर्मचाऱ्यांनी बाहेर काढले, किंवा संक्रांतीच्या मांजाने घारीचा पंख कापला गेला, अशी वृत्ते वर्तमानपत्रांत येऊ लागली की वन्यप्राणी उपचार केंद्रांकडे विचारणा सुरू होतात. ‘आम्हांला काही सेवा करावयाची आहे, आम्ही केव्हा येऊ?’ असे विचारणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, शिक्षक असतात, सुटीचा दिवस सत्कारणी लावू पाहणारे कारकूनही असतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्यांच्या मनातील सेवेचे चित्र बहुधा ठरावीक असते. मांडीवर पिल्लू आणि हातात दुधाची बाटली, असे ते चित्र होय. केंद्राची प्रत्यक्ष गरज मात्र निराळी असते. गंजलेली बिजागरी बदलणारा, जाळी ताणून बसविणारा, फरशीला मोरीकडे नेमका उतार काढणारा आणि पावसाळ्यापूर्वी छपरावर चढण्यास न कचरणारा माणूस त्यांना हवा असतो. ‘तुम्हांला वेल्डिंग येते काय?’ या प्रश्नाने सेवेच्छूंचा उत्साह पुष्कळदा मावळतो.

जखमी वन्यजीवांच्या पुनर्वसनात सामान्य नागरिकाचा खरोखर उपयोगी पडणारा वाटा बांधकामाचा, दुरुस्तीचा आणि उघड्या रानात काम करण्याच्या कौशल्याचा आहे. हे कौशल्य अंगी नसेल तर ते आधी शिकले पाहिजे, आणि ते शिकविण्याची जबाबदारी आपल्या शिक्षणसंस्थांनी उचलली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पांजरपोळ आणि उपचार केंद्र

मुक्या प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पांजरपोळ, गोशाळा, कबुतरांना दाणे टाकण्याचे चौथरे ही तिची परिचित रूपे होत. या परंपरेत प्राण्याला आसरा मिळाला की पुण्यकर्म पूर्ण होते. तो तेथे आयुष्यभर राहिला तरी कोणाची तक्रार नसते. वन्यजीवांच्या उपचार केंद्राची कल्पना याहून मुळातच वेगळी आहे. ते एक रुग्णालय आहे, आणि रुग्ण बरा होऊन परत गेला तरच त्याचे कार्य सफल झाले असे म्हणता येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचीतील वन्यप्राणी कोणालाही परवानगीवाचून बाळगता येत नाही, यामागेही हेच तत्त्व आहे.

महाराष्ट्रात या कार्याचा व्याप गेल्या काही दशकांत वाढला आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे वनखात्याचे बिबट्या निवारण केंद्र आहे, नागपुरात सेमिनरी हिल्स येथे जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे आणि डहाणूला किनाऱ्यावर येणाऱ्या जखमी सागरी कासवांची शुश्रूषा केली जाते. त्याही पूर्वी, १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यानंतर डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीमुळे पोरक्या झालेल्या पिल्लांचा सांभाळ आरंभिला होता. या सर्व ठिकाणी एक अडचण समान आहे. ज्यांना पुन्हा रानात सोडता येत नाही असे प्राणी उरतात, त्यांची संख्या वाढत जाते आणि जागा अपुरी पडते. माणिकडोहमधील अनेक बिबटे असे कायमचे रहिवासी झाले आहेत.

प्राणी परत जाण्यास अपात्र का ठरतो? पहिले कारण शारीरिक व्यंगाचे. तेथे कोणाचा इलाज चालत नाही. दुसरे कारण मात्र मानवनिर्मित आहे. पिल्लू माणसाच्या हातून खाऊ लागले, माणसाचा आवाज आणि वास यांचा अर्थ अन्न असा लावू लागले, की त्याच्या मनातील माणसाचे भय नाहीसे होते. भय गमावलेला बिबट्या रानात सोडणे हे त्याच्या दृष्टीने घातक आणि वस्तीच्या दृष्टीने तर अधिकच घातक. म्हणून बछड्यांच्या बाबतीत उत्तम उपचार म्हणजे ते जेथे सापडले तेथेच, हवेशीर खोक्यात किंवा टोपलीत, रात्री ठेवून देणे आणि आईने येऊन ते घेऊन जावे यासाठी दूर राहून वाट पाहणे. जुन्नरच्या परिसरात ऊसतोडीच्या काळात अशा अनेक मायलेकरांच्या भेटी घडवून आणण्यात आल्या आहेत. या साऱ्या उपक्रमात माणसाच्या मायेला जागा आहे ती दूर थांबण्याच्या रूपाने. पिल्लाला कुरवाळणारा हात त्याचे रान कायमचे हिरावून घेऊ शकतो, हे सेवेच्छूंनी प्रथम समजून घेतले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचा धडा

या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचा अनुभव अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद वाटेल. तेथील काही खाजगी उद्यानांनी परदेशी तरुणांकडून शुल्क घेऊन त्यांना सिंहाचे ‘पोरके’ छावे बाटलीने दूध पाजून वाढविण्याची संधी देण्याचा व्यवसाय वर्षानुवर्षे चालविला. हे छावे पुष्कळदा पोरके नसतच. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईपासून तोडले जात. मोठे झाल्यावर त्यांतील कित्येक बंदिस्त आवारातील शिकारीसाठी, तर काही हाडांच्या व्यापारासाठी विकले जात. पैसे देऊन आलेल्या तरुणांची भावना खरी होती. परंतु भावनेला किंमत मोजणारे ग्राहक मिळताच बाजाराने नियमाप्रमाणे पुरवठा केला. पोरकेपणाला मागणी आली, म्हणून पोरकेपण निर्माण करण्यात आले. अखेर मे २०२१ मध्ये त्या देशाच्या शासनाने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सिंहांची बंदिस्त पैदास व तिच्यावरील व्यवसाय थांबवावा, अशी शिफारस पुढे आली.

आपल्याकडे कायद्याने असा व्यापार निषिद्ध आहे. परंतु प्राण्याच्या सान्निध्याची हाव आपल्याकडेही आहे, आणि हातात भ्रमणध्वनी आल्यापासून ती वाढली आहे. बछड्यासमवेतचे एक छायाचित्र हेच सेवेचे वेतन मानणारा स्वयंसेवक पिंजऱ्याला जाळी मारण्यास येत नाही. उलटपक्षी, ज्या स्वयंसेवेत प्राण्याचे दर्शनही घडण्याची शाश्वती नाही, तिला बाजार बिघडवू शकत नाही. बांधकामाच्या स्वयंसेवेचा हा पहिला नैतिक गुण होय.

भिंत, जाळी आणि दार

प्राण्याला स्पर्श न करता त्याची शुश्रूषा करावयाची, तर ती मुख्यतः वास्तूने करावी लागते. बिबट्या उत्तम चढतो, म्हणून त्याचे आवार वरूनही बंदिस्त असावे लागते. जाळी जमिनीत पुरून तिच्या पायाला काँक्रीट घालावे लागते. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन दारे लागतात आणि एक लागल्याशिवाय दुसरे उघडावयाचे नाही, हा तेथील पहिला नियम असतो. आतली लहान खोली आणि बाहेरचे आवार यांच्यामधील सरकते दार तारेच्या दोराने व कप्पीने बाहेरूनच ओढता आले, तर सफाई करणारा माणूस आणि प्राणी एकमेकांसमोर येत नाहीत. फरशीला उतार नसेल तर ओल साचते आणि त्या ओलीत पडून राहणाऱ्या जखमी प्राण्याची जखम चिघळते. उंचावर मचाण आणि लपावयास आडोसा नसेल तर तो अस्वस्थ होऊन जाळीला धडका देतो आणि बरा होत आलेला दातच मोडून घेतो.

पक्ष्यांच्या आवाराचे शास्त्र आणखी निराळे आहे. घार किंवा घुबड यांना लोखंडी जाळीत ठेवले तर फडफडताना उड्डाणाची पिसे मोडतात, आणि ती नव्याने येईपर्यंत कित्येक महिने पक्ष्याचा मुक्काम वाढतो. म्हणून तेथे बांबूच्या किंवा लाकडी उभ्या पट्ट्या अथवा मऊ जाळे लावावे लागते. बसावयाच्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्या तर तळपायाला फोड येतात, म्हणून त्या निरनिराळ्या जाडीच्या घेऊन त्यांवर काथ्या गुंडाळावा लागतो. पक्ष्याला सोडण्यापूर्वी पंखांत बळ आले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याला उडता येईल एवढे लांब आवार लागते. मासेमारीच्या निकामी जाळ्यांत अडकून वल्ह्यासारखा पाय गमावलेल्या कासवाला स्वच्छ समुद्राचे पाणी, सावली आणि कमीजास्त करता येईल अशी खोली असलेला हौद लागतो. नव्याने आलेल्या प्राण्याला इतरांपासून अलग ठेवण्याची जागा तर सर्वत्रच लागते.

ही यादी मुद्दाम तपशिलाने दिली आहे. यांतील एकही काम पशुवैद्यकाचे नाही. पशुवैद्यकाची पदवी घेण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो आणि त्याची जागा स्वयंसेवकाने घेणे सर्वस्वी गैर आहे. परंतु ओळंबा धरणे, गुण्या लावून काटकोन तपासणे, पाणसळीने सपाटी पाहणे, दोर ताणून गाठ मारणे, कडी-कोयंडा नेमका बसविणे, ही कामे कोणीही धडधाकट माणूस काही आठवड्यांच्या सरावाने शिकू शकतो. पशुवैद्यकाने जोडलेले हाड जुळेल की नाही, हे पुष्कळदा या सामान्य कामांवर अवलंबून असते.

पैसे का देऊ नयेत?

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो अर्थशास्त्राच्या अंगाने येत असल्यामुळे प्रस्तुत लेखकाला टाळता येणार नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणीचे महत्त्व प्रतिपादन केले, आणि रिकार्डोने पुढे तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडला. या विचारानुसार ज्याचे काम त्यानेच करावे. बँकेतील कारकुनाने सुटीच्या दिवशी वेडीवाकडी वीट रचण्यापेक्षा एका दिवसाचा पगार केंद्राला द्यावा, त्यातून केंद्राने कसबी गवंडी लावावा. काम चांगले होईल, गवंड्याला रोजगार मिळेल आणि कारकुनाची कंबरही शाबूत राहील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

किंबहुना, त्यातील अर्धे सत्य मान्य केल्यावाचून पुढे जाताच येत नाही. समजा, तीस विद्यार्थ्यांचा गट रविवारी सहा तासांसाठी केंद्रावर आला. कागदोपत्री एकशे ऐंशी तासांचे श्रमदान झाले. प्रत्यक्षात त्यांना हत्यारे देणे, कोठे जावयाचे नाही हे सांगणे, आवाज करू नका म्हणून विनविणे, चहापाण्याची व्यवस्था पाहणे, यांत केंद्रातील चार-पाच कर्मचाऱ्यांपैकी दोघांचा दिवस गेला. त्या दिवशी पिंजऱ्यांची सफाई उशिरा झाली, आणि गटाने खणलेला चर दुसऱ्या दिवशी मजुराने नव्याने खणला. अर्थशास्त्राच्या भाषेत या श्रमाची सीमांत उत्पादकता ऋण आहे. असे रविवार एका केंद्रावर प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. तेथे गट निघून गेल्यावर कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसणारी सुटकेची भावना पुरेशी बोलकी असते.

परंतु उरलेले अर्धे सत्यही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, देणगी हवी त्या कामासाठी येत नाही. रुग्णवाहिकेसाठी दाता मिळतो, कारण तिच्यावर नाव रंगविता येते. बिजागरी, मोरी आणि गळके छप्पर यांच्यावर कोणाचेही नाव लागत नाही. निगा आणि दुरुस्ती ही आपल्या साऱ्या सार्वजनिक जीवनातीलच उपेक्षित बाब आहे. शाळेची इमारत उभी राहते आणि तिच्या गच्चीवरील पिंपळाचे रोप काढण्यास कोणी नसतो. दुसरी गोष्ट, ही केंद्रे बहुधा गावाबाहेर किंवा डोंगरकडेला असतात. दोन दारे आणि वीस फूट जाळी एवढ्या कामासाठी ठेकेदार तेथवर येत नाही, आणि आला तर त्याची किमान आकारणी केंद्राला परवडत नाही. बाजाराला जे काम फार लहान वाटते तेथेच स्वयंसेवेला खरी जागा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैसे दिल्याने देणाऱ्याच्या अंगी काहीच उरत नाही. कौशल्य मात्र शिकणाऱ्याजवळ राहते आणि पुढे शाळेत, घरी, गावी, आपत्तीच्या प्रसंगी पुनःपुन्हा उपयोगी पडते. ही मनुष्यबळातील गुंतवणूक आहे, आणि एका दिवसाच्या वेतनाशी तिची तुलना करणे हा हिशेबाचाच दोष ठरेल.

एका केंद्रावर आठ विद्यार्थ्यांचा गट सात दिवस राहिला होता. तेथील वयस्क मिस्त्रीमामांनी पहिल्या दिवशी त्यांना केवळ ओळंबा धरावयास आणि जुन्या पत्र्यावर वेल्डिंगचा सराव करावयास लावले. मुले कंटाळली तेव्हा ते म्हणाले, ‘बाळांनो, हे दार कुत्र्यासाठी नाही, बिबट्यासाठी आहे. बोटभर फट ठेवाल तर ती त्याला रात्रभरात पुरेल.’ आठवडाअखेर एक दार आणि पक्ष्यांच्या आवारातील सर्व दांड्या एवढेच काम पुरे झाले. परंतु ते पुन्हा करावे लागले नाही.

मजुराच्या पोटावर पाय नको

स्वयंसेवेचा विचार करताना सुशिक्षितांकडून एक बाब हमखास विसरली जाते. अशा केंद्रांवर रोजंदारीवर काम करणारे वनमजूर असतात. पिंजरा धुणे, मांस तोडणे, गवत काढणे, रात्री पहारा देणे, ही कामे तेच करतात आणि धोकाही तेच पत्करतात. फुकट राबणारे हात आले म्हणून त्यांचे दिवस कमी झाले, तर ते श्रमदान न राहता एका गरीब माणसाच्या मजुरीची चोरी ठरेल. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने रुजविली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्राला श्रमाचे मोल सांगण्याची आवश्यकता नसावी.

म्हणून नियम स्पष्ट हवा. ज्या कामासाठी मजुरी दिली जात आहे त्याला स्वयंसेवकाने हात लावू नये. जे काम पैशाअभावी वर्षानुवर्षे पडून आहे तेच त्याने घ्यावे. आणि त्या कामावर स्थानिक गवंडी, सुतार किंवा लोहार शिक्षक म्हणून नेमून त्याला पूर्ण मजुरी, किंबहुना मजुरीहून अधिक मानधन द्यावे. ज्या रकमेतून विद्यार्थ्यांच्या छापील टोप्या आणि फलक येतात, तीच रक्कम याकामी पुरेल.

हात आणि डोके यांची फारकत

या प्रश्नाचे मूळ अखेर आपल्या शिक्षणात आणि समाजरचनेत आहे. आपल्याकडे लाकूड, लोखंड आणि दगड ज्यांना कळत होते त्यांना पिढ्यानुपिढ्या शाळेचे दार बंद राहिले किंवा अर्धेच उघडले, आणि शाळेत जे शिकले त्यांनी हातात थापी धरणे कमीपणाचे मानले. जातींच्या उतरंडीने हात आणि डोके यांची जी फारकत केली, ती पदवीने भरून काढली नाही, उलट पक्की केली. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी उत्पादक श्रमावर आधारलेल्या शिक्षणाचा विचार मांडला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचे पुढे काय झाले हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. कागदाची फुले आणि भरतकामाचे रुमाल यांवर गुण देऊन तो विषय आपण निकालात काढला.

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सदतीस विद्यापीठांत झाला. तो करणारे तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे स्वतः नामवंत अर्थशास्त्रज्ञ होते, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. या योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी, असे अभिप्रेत आहे. शंभर विद्यार्थ्यांचे एक पथक धरले तर वर्षाला १२,००० तास होतात. एवढी श्रमशक्ती कोणत्याही कारखानदाराला हेवा वाटावा अशी आहे. परंतु आपण तास मोजतो, काम मोजत नाही. नोंदवहीत १२० तास भरले की प्रमाणपत्र मिळते. तेवढ्या तासांत किती दारे बसली, किती छपरे गळावयाची थांबली आणि विद्यार्थ्याला कोणते काम स्वतंत्रपणे करता येऊ लागले, हे कोणी विचारीत नाही.

उपचार केंद्रातील काम या दृष्टीने एक उत्तम शाळा ठरू शकते, कारण तेथे निकृष्ट काम लपविता येत नाही. परीक्षेतील चुकीचे उत्तर पुनर्मूल्यांकनात सुधारते. सैल राहिलेल्या कडीचे पुनर्मूल्यांकन त्याच रात्री बिबट्या करतो. शिवाय तेथे सुतार शिक्षक असतो आणि पदवीधर विद्यार्थी. नात्यांची ही उलटापालट आठवडाभर अनुभवणे, हेच आपल्या समाजात मोठे शिक्षण आहे.

उघड्या रानातील कौशल्ये

बांधकामाच्या जोडीला रानातील कौशल्येही हवीत. सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांत वावरणाऱ्या गिर्यारोहण मंडळांची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. दोर, गाठी, कप्प्या आणि शिड्या यांचे त्यांना असलेले ज्ञान उंच आवारावर जाळे ताणण्यासाठी, दरडीखाली पागोळ्यांचे पाणी वळविण्यासाठी, विहिरीत सोडावयाची खाट किंवा शिडी आधीच तयार करून ठेवण्यासाठी मोलाचे आहे. पावलांचे ठसे ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून बसणे, रात्र रात्र न बोलता काढणे, साप दिसताच त्याला न छेडता बाजूला होणे, ही कौशल्येही शिकण्याजोगी आहेत. मात्र एक मर्यादा काटेकोर पाळली पाहिजे. पिंजऱ्यातील किंवा विहिरीतील जिवंत बिबट्याला हाताळणे हे वनखात्याच्या प्रशिक्षित पथकाचेच काम आहे. तेथे जमणारी गर्दी हाच बहुधा सर्वांत मोठा धोका असतो, आणि त्या गर्दीला शंभर पावले मागे ठेवणे ही तेथील स्वयंसेवकाची खरी कामगिरी ठरते.

माणसांचे काय?

या सर्व विवेचनावर एक रास्त प्रश्न विचारला जाईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही बळी गेले. ज्या घरातील मूल गेले त्या घरापुढे उभे राहून बिबट्याच्या मचाणाची आणि उताराच्या फरशीची चर्चा कोणत्या तोंडाने करावयाची? हा प्रश्न टाळून वन्यजीवांविषयी बोलणे हा शहरी सुखवस्तूपणा होईल.

परंतु बिबट्या पकडून दूर नेऊन सोडला की प्रश्न मिटतो, हा समज जुन्नरनेच खोटा ठरविला आहे. या शतकाच्या आरंभी तेथे पकडलेले बिबटे इतरत्र सोडल्यानंतर हल्ले घटले नाहीत, उलट सोडलेल्या जागांच्या आसपास वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे धोकादायक प्राणी कायमचा ठेवावयाचा तर पक्के आवार हवे, आणि सोडावयाचा तर तो माणसाळलेला नसावा. दोन्ही वाटा चांगल्या बांधकामाशी येऊन मिळतात. माणिकडोहचे दार भक्कम असणे ही आसपासच्या गावांचीही गरज आहे.

आणखी असे की, केंद्रात शिकलेले कौशल्य कुंपणाबाहेर अधिक उपयोगी पडते. बिनकठड्याच्या विहिरीला कठडा बांधला तर त्यात बिबट्या पडत नाही, शेळी पडत नाही आणि शेतकऱ्याचे मूलही पडत नाही. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि घट्ट बसणारे दार लावले तर रात्री वासरू वाचते, आणि वासराच्या आशेने अंगणापर्यंत येणारा बिबट्या तेथून परततो. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हिमबिबट्या मेंढ्यांच्या वाड्यात शिरून एका रात्रीत कित्येक मेंढ्या मारी आणि संतापलेले गावकरी त्याला ठार करीत. तेथे वाड्यांना वरून जाळी आणि नीट बसणारी दारे लावण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तारेची जाळी, खांब आणि दारे संस्थेने दिली, दगड, माती आणि श्रम गावकऱ्यांनी. मेंढ्या वाचल्या आणि हिमबिबट्याही. भावनिक आवाहनाने जे झाले नसते ते एका चांगल्या दाराने झाले.

काय करता येईल?

सूचना मोजक्याच आहेत. प्रत्येक केंद्राने पशुवैद्यक आणि वनाधिकारी यांच्या संमतीने वर्षाच्या आरंभी दुरुस्तीच्या व बांधकामाच्या कामांची यादी, मापांसह, तयार करावी. जवळच्या एक-दोन महाविद्यालयांनी त्यांतील नेमकी कामे स्वीकारावीत. गट आठ-दहा जणांचाच असावा, आणि केंद्रावर जाण्यापूर्वी त्याने गावातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत निदान वीस तास हत्यारे हाताळलेली असावीत. १२० तासांतून हे तास सहज काढता येतात. धनुर्वाताची लस, विमा, जाड तळाचे बूट आणि वेल्डिंगचा चष्मा यांवाचून कोणालाही कामावर घेऊ नये. प्राण्यांची छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई असावी. बसविलेल्या प्रत्येक दाराची नोंद ठेवावी आणि त्याच महाविद्यालयाच्या पुढील तुकडीने दरवर्षी मृगापूर्वी येऊन तेच दार तपासावे. एक केंद्र आणि एक महाविद्यालय यांचे नाते दहा वर्षे टिकले, तर त्यातून जे उभे राहील ते शंभर रविवारच्या सहलींतून राहणार नाही. नोकरदारांच्या संघटना, गिर्यारोहण मंडळे आणि शिक्षकांच्या पतसंस्था यांनाही हा मार्ग मोकळा आहे.

यात प्रसिद्धी नाही, आणि प्राण्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवणाऱ्याची तर निराशाच होईल. पंख बरा झालेली घार आवाराबाहेर पडते तेव्हा तिने कोणाकडेही न पाहता निघून जावे, यासाठीच सर्व खटाटोप असतो. परंतु रिकाम्या झालेल्या त्या आवारात उद्या दुसरा जखमी जीव येणार असतो, आणि तो येण्यापूर्वी काथ्या सुटलेली दांडी कोणीतरी पुन्हा गुंडाळावी लागते. ती गुंडाळावयास आपल्या महाविद्यालयांतून, कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून काही शिकलेले हात पुढे यावेत, एवढीच अपेक्षा आहे.